हव्वेचे उरलेले दिवस

सासूनं हात पुढे केले आणि लेमलेमनं नाहोमला त्या हातांत दिलं. एवढंच झालं. यात दचकण्यासारखं काही नव्हतं. सगळं आधीच ठरलेलं होतं आणि ठरवणारी तीच होती. आयेलेचनं, म्हणजे सासूनं, नातवाला आपल्या पांढऱ्या शालीत गुंडाळलं आणि मागं वळूनही न पाहता ती कमानीतून चर्चच्या आवारात गेली. तिच्यामागं लेमलेमचा नवरा हाब्तामू गेला. तो एकदा वळला आणि मग तोही आत गेला. लेमलेमच्या डाव्या हातात माहलेत होती, गाढ झोपलेली. उजवा हात मात्र कोपरात वाकलेला तसाच राहिला. त्यात काही नव्हतं. हात आता खाली सोडायला हवा हे तिला कळत होतं, पण तो सुटेना. तिच्या पोटात ही दोघं एकमेकांच्या कुशीत वाढली, जगात आली ती एकापाठोपाठ, आणि आज पहिल्यांदाच त्यांतलं एक भिंतीच्या त्या बाजूला गेलं होतं. आदिस अबाबाची पहाट नेहमीसारखीच गारठलेली होती. रात्रभर धुमसलेल्या निलगिरीच्या लाकडाचा धूर रस्त्यावर खाली बसला होता. आतून कर्ण्यावर गीएझ भाषेतली प्रार्थना घरघरत होती. लेमलेमला वाटलं, मी आता रडणार. मग तिला स्वतःचाच राग आला. नियम पाळताना रडायचं असेल तर पाळू नये, हे तिचं मत जुनं होतं, आणि तिची मतं सहसा बदलत नसत.

कमानीबाहेर उभ्या राहणाऱ्यांची एक वेगळीच बिरादरी असते. इथं कोण का उभं आहे हे कुणी कुणाला विचारत नाही आणि सगळ्यांना सगळं कळतं. पाळी आलेल्या बायका, ज्यांच्या पोटात सकाळी काहीतरी गेलंय ते, आणि काल ज्यांचा संसार जरा जास्त सुखात झाला ती नवराबायको. लहानपणी ती आणि सोसेना, तिची धाकटी बहीण, इथंच भिंतीला टेकून कुणाचं काय असेल याचे अंदाज बांधत, आणि आई दोघींना चिमटे काढी. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेव्हापासून दर रविवारी बाहेरच उभे असत. त्यांची बायको मात्र खाली मान घालून आत जाई. हा हिशेब कसा जुळतो हे कुणालाच सुटलं नव्हतं, आणि आदर म्हणा की कुतूहल, लोक त्यांना वाकून नमस्कार करत. ते आता फारच म्हातारे झाले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, आणि त्यांनी लेमलेमला मान लववली. बाळंतिणीला ते ओळखत होते. लेमलेमनंही मान लववली. बाहेर उभं राहण्याची तिला लाज कधीच वाटली नव्हती. बाराव्या वर्षी स्वतःच्या पाळीमुळं आईबरोबर पहिल्यांदा इथं उभी राहिली तेव्हाही नाही. उलट आत गेलेल्या आपल्या मैत्रिणींपेक्षा आपण मोठ्या झालो, आपल्यालाही आता एक नियम लागू झाला, असं वाटून तिची छाती फुगली होती. आज मात्र ती इथं एकटी नव्हती आणि तरीही पहिल्यांदाच एकटी होती.

ठरलं ते असं. आबा तेक्ले, घरचे आत्म्याचे वडील, ज्यांच्यापाशी तिच्या माहेरानं तीन पिढ्या पापं कबूल केली, ते बाळंतपणानंतर पवित्र पाणी शिंपडायला घरी आले होते. पाणी शिंपडून झालं, कॉफी झाली, आणि मग विषय निघाला. मुलगा झाला तर चाळीसाव्या दिवशी बाप्तिस्मा, मुलगी झाली तर ऐंशीव्या. आणि आईचं सोयरही तेवढंच, मुलाला चाळीस, मुलीला दुप्पट. मोशेला डोंगरावर सांगितलं ते या देशात आजतागायत चालत आलेलं आहे, त्यात नवं काही नव्हतं. पण जुळी, आणि तीही एक मुलगा एक मुलगी, ही आबांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

"आबा, मग मी कुणाची आई धरायची?" लेमलेमनं विचारलं.

"दोघांची," आबा म्हणाले, "आणि तिथंच तर घोडं पेंड खातंय, लेकी."

"मग दोघांचं एकदमच करू ना," हाब्तामू म्हणाला. "ऐंशीव्या दिवशी. एकच मांडव, एकच जेवण, आणि ही पण आत असेल."

"म्हणजे माझ्या नातवाला त्याच्या बहिणीसाठी दाराबाहेर तिष्ठत ठेवायचं?" आयेलेच म्हणाली. "त्याचा दिवस त्याचा आहे. तो कुणी खायचा नाही."

आबांनी दाढी खाजवली. दोन्ही करता येतं, ते म्हणाले, एकत्र केलेलंही त्यांनी ऐकलं होतं, पाप काही लागत नाही. आणि मग ते लेमलेमकडं पाहत राहिले, म्हणजे तू सांग. सांगायला फक्त एक शब्द हवा होता, एकत्र. तो तिच्या जिभेवर आलाही होता. पण सासू ज्या नजरेनं तिच्याकडं पाहत होती ती नजर तिला सुनेच्या पायरीवर ठेवणारी होती, शिकलेली सून, हिला कुठलं उपासतापास झेपायला, अशी. आणि लेमलेम म्हणाली, "नियम तर नियम, आबा. मुलाचा दिवस मुलाला, मुलीचा मुलीला. त्याला एमाये घेऊन जातील. मी माहलेतबरोबर बाहेर." एमाये, आई, असं ती सासूला म्हणे, पण त्या दिवशी पहिल्यांदाच आयेलेचनं त्या हाकेला साजेलसं तिच्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर लेमलेमला ते फार आवडलं. ती त्या संध्याकाळी मिजाशीतच होती, आणि हाब्तामू गप्प गप्प होता.

नियम हे तिचं पोटापाण्याचंही साधन होतं. शहरात उंच इमारती अळंब्यांसारख्या उगवायला लागल्या तेव्हापासून ती सरकारी खात्यात लिफ्ट तपासायची. लिफ्टच्या छतावर चढून, हेल्मेट घालून, अंधाऱ्या बोळकांडीत टॉर्च मारून दोर पाहणारी त्या खात्यातली ती एकटी बाई. एका मोठ्या हॉटेलची लिफ्ट तिनं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सील केली होती, मालकानं वरपर्यंत फोन लावले, आणि पाहुणे सगळे जिन्यानं धापा टाकत वर गेले. तेव्हापासून खात्यात म्हणायचे, लेमलेमच्या वाटेला जायचं तर आधी पायांत ताकद आणा. तिला ही कुचेष्टा म्हणजे पदक वाटे. याच कामासाठी तिला जर्मनीला पाठवलं होतं, एका कारखान्यात शिकायला. तिथं दुपारच्या जेवणाला ताटात डुकराचं मांस आलं. तिनं ते बाजूला सारलं. शेजारचा कार्ल नावाचा भला माणूस म्हणाला, "पण तुम्ही तर ख्रिस्ती ना? हे जुने नियम येशू आल्यावर संपले की." त्यात खोड काढण्याचा हेतू नव्हता. पण लेमलेमची कानशिलं तापली. ती म्हणाली, "तुमचे लोक झाडांना नवस बोलत होते तेव्हापासून आमच्याकडं येशूचं नाव घेतात. त्याला आम्ही आधी भेटलो. तो मोशेला टाकून द्या म्हणाला असता तर आम्हाला कळलं असतं." कार्ल हसला, ती हसली नाही, आणि परत येईपर्यंत ती उकडलेले बटाटे आणि पाव खाऊन राहिली. विमान आदिसला उतरलं तेव्हा तिची कंबर बारीक झाली होती आणि मान ताठ. शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस शब्बाथ, म्हणजे देवाचा विसावा, पाळणारं, आठव्या दिवशी पोरांची सुंता करणारं, जुनं न सोडता नवं धरणारं असं दुसरं ख्रिस्ती राष्ट्र दाखवा मला, असं ती कुणालाही विचारी. कुणी दाखवत नसे.

"एत्ये, तू अशी उभी आहेस की जणू चर्च तुझ्या बापानं बांधलंय."

सोसेना आली होती. हातात थर्मास, डोक्यावर काही नाही, पायांत खेळाचे बूट. एत्ये, म्हणजे ताई, म्हणायची तिची लकब अजून लहानपणीचीच होती, बाकी सगळं बदललं होतं. सोसेना पेंते झाली होती, म्हणजे गिटार वाजवून देवाला गाणाऱ्या पंथात गेली होती आणि तिथल्याच एका गिटारवाल्याशी तिनं लग्न केलं होतं. त्यावरून आईनं दोन वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

"बापानं बांधलं नसलं तरी बाप इथंच गायला," लेमलेम म्हणाली. "आणि तू कशाला आलीस? तू तर आत यायची नाहीस."

"मी जाणार नाही, तुला जाता येत नाही. दोघी बहिणी दाराबाहेर, बाबा वरून बघून खूश असतील. हे घे, ओटची पेज आहे. बाळंतिणीनं थंडीत उपाशी उभं राहू नये, हा माझ्याकडचा एकच नियम."

"पोटात काही घातलं तर मी आणखी बाहेर जाईन."

"याहून बाहेर म्हणजे कुठं? केनियात?"

लेमलेमला हसू आलं आणि तिनं पेज घेतली. गरम घोट घशाखाली गेला तसा तिनं लगेच दुसरा घेतला. सोसेनानं माहलेतच्या गालाला बोट लावलं आणि ते तिथंच ठेवलं. तिला मूल नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "पडदा फाटला ना, एत्ये. येशूनं प्राण सोडला तेव्हा, देवळातला. वरपासून खालपर्यंत. तुम्ही लोक तो रोज पहाटे उठून पुन्हा का शिवत बसता?"

"तुमच्याकडं पडदाच नाही. पत्र्याची शेड आणि कीबोर्ड."

"पण आत यायला कुणी कुणाला अडवत नाही."

"म्हणूनच तुमच्याकडं आलेला टिकत नाही. ज्या घरात कुणीही केव्हाही शिरतो त्या घरात गेल्याचं कुणाला काय वाटणार?"

"तुझा पोरगा आत आहे आणि तू बाहेर," सोसेना म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "डुकराचं खात नाहीस, ठीक, कुणाचं काय जातं. शनिवारी झाडू मारत नाहीस, ठीक. पण हा दिवस परत येणार नाही. त्या बाईचं काय झालं, बारा वर्षं रक्त जात होतं ती? ती गर्दीत घुसली आणि तिनं येशूच्या झग्याला हात लावला. तो काय म्हणाला, आधी दिवस भर आणि मग ये? चल, शाल डोक्यावरून ओढ, बायकांच्या दारानं आत जा, मी माहलेतला धरते. आत इतक्या बायका आहेत, कुणाला काय कळतंय."

 हा धोंडा सोसेना नेहमीच टाकी आणि तो जड होता हे खरंच होतं. येशू म्हणाला होता, लेकी, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं. लेकी म्हणाला होता. या शब्दाजवळ आलं की लेमलेमच्या आत काहीतरी हलत असे. पण तिनं डोकं हलवलं. "ती बाई मागून गेली होती," ती म्हणाली. "गर्दीतून, लपून. सापडल्यावर थरथर कापत पुढं आली. मला लपून जायचं नाही, सोसेना. मला आत जायचंय तेव्हा पुढच्या दारानं, दोन्ही हात भरलेले, आणि सगळ्यांनी बाजूला होऊन वाट द्यायची." सोसेनानं तिच्याकडं पाहिलं, थर्मासचं झाकण घट्ट लावलं, आणि म्हणाली, "हट्टी. आईवर गेलीस." पण ती गेली नाही. भिंतीला टेकून बहिणीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मुलीला दुप्पट का, हे तिनं पहिल्यांदा बाबांना विचारलं तेव्हा ती जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. बाबा या चर्चमधले गायक. हातात लांब काठी, दुसऱ्या हातात चांदीचा खुळखुळा, आणि आवाज असा की सणाच्या पहाटे आवारातली कबुतरं उडायची थांबत, असं लोक सांगत. घरी मात्र ते बायकोला घाबरून असत आणि मुलींना गोष्टी सांगत. त्यांनी सांगितलं, देवानं आदामाला केलं ते बागेबाहेर. चाळीस दिवस तो बाहेर होता, मग देवदूतांनी त्याला एदेन बागेत नेलं. हव्वेला मात्र ऐंशी दिवसांनी नेलं. म्हणून मुलगा चाळीसाव्या दिवशी चर्चमध्ये येतो आणि मुलगी ऐंशीव्या. चर्च म्हणजे तीच बाग. यात घाण काही नाही, लेमलेम, रक्ताचं मोशेनं नंतर सांगितलं, ही त्याआधीची गोष्ट आहे. लेमलेमला गोष्ट आवडली आणि तिनं विचारलं, मग उरलेले चाळीस दिवस हव्वा काय करत होती?  आदामानं बागेत काय केलं ते सगळं लिहून ठेवलंय, त्यानं माती राखली, जनावरांना हाकललं, फळं वेचून ठेवली. हव्वेबद्दल काही नाही. थांब, विचारून सांगतो, बाबा म्हणाले, आणि पुढं ते गेले तरी त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणाला विचारणार होते कोण जाणे. आज भिंतीशी उभं राहून लेमलेमच्या मनात तो प्रश्न पुन्हा आला, पण वेगळाच होऊन आला. हव्वेजवळ कोण होतं? आदाम तर आत गेला. देवदूत त्याच्याबरोबर गेले. ती नुकती घडवलेली, ओल्या मातीच्या वासाची, अजून एकही शब्द न शिकलेली पोर, तिला बागेच्या भिंतीशी एकटी टाकून सगळे आत गेले असतील? आणि लेमलेमला एकदम वाटलं, नसणार. कुणीतरी थांबलं असणार. ज्यानं केलं तोच थांबला असेल, तिला मांडीवर घेऊन, तिच्याशी बोलत, आणि बाग राखायला त्याची गरज नव्हतीच. मग ते चाळीस दिवस म्हणजे शिक्षा कसली? आदामाला बाग मिळाली आणि हव्वेला देव मिळाला, तोही एकटीला. हे आबांना सांगितलं तर ते कानांवर हात ठेवतील. पण लेमलेमनं माहलेतला छातीशी जरा वर ओढलं आणि तिला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. हिला मी एकटं टाकलं नाही. हिच्या दिवसांची मी सोबतीण आहे. सोसेनाला पडदा फाटलेला हवा, सासूला पडदा जाड हवा, आणि या दोघींपैकी एकीलाही माहीत नाही की पडद्याच्या या बाजूला काय आहे.

तेवढ्यात कर्ण्यावर नावं येऊ लागली. आज बाप्तिस्म्याची मुलं बरीच होती, एकामागून एक नावं घेतली जात होती, पाण्याचा आवाज, मग एखाद्या बाळाची किंकाळी, मग बायकांचा आनंदाचा चित्कार. आणि मग नाहोमचं नवं नाव आलं, जे फक्त देवापाशी चालतं, आणि आबा तेक्लेंचा बसका आवाज, पित्याच्या नावानं, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या, तीनदा पाणी, आणि तो रडला. दुसरं कुणी ओळखलं नसतं. तो रडताना मध्ये एकदा श्वास अडकवतो, जणू रडणं बरोबर जमतंय ना हे बघतो, आणि मग पुन्हा सुरू करतो. कर्ण्यातून ते रडणं सगळ्या रस्त्यावर सांडलं. मिनीबसच्या दारात लटकलेला पोऱ्या "पियासा, पियासा" असं गाडी जाणार त्या भागाचं नाव ओरडता ओरडता क्षणभर थांबला. लेमलेमच्या छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. आधी उजवीकडं, मग डावीकडं, सदरा, शाल, सगळं भिजलं. पहाटे अंधारात पाजलं होतं तेवढंच. प्रभूचं रक्त, म्हणजे वेदीवरचा द्राक्षारस, जिभेला लागेपर्यंत पोराला दूध नाही. तो भुकेला होता आणि गार पाण्यात नागडा होता आणि त्याला धरणारे हात तिचे नव्हते. आपण एकत्र हा शब्द का बोललो नाही? सासूच्या एका नजरेसाठी? आता तिला ते स्वच्छ दिसलं आणि दुखलं. पाय कमानीकडं वळला होता. सोसेनानं माहलेतसाठी हात पुढे केले. आत जाणं इतकं सोपं होतं, चार पावलं, आणि देवाला काय वाटायचं ते वाटो. लेमलेम थबकली. पाय मागं घेतला. हे माझं आहे, ती मनाशी म्हणाली, मी बोललेलं आहे, मिजाशीत बोलले असले तरी मीच बोलले, आणि माझा शब्द मला जड झाला म्हणून मी तो रस्त्यात टाकून देणार नाही. ती मोठ्यानं रडत होती आणि तिची मान ताठ होती. टपालखात्यातले म्हातारे गृहस्थ दुसरीकडं पाहू लागले.

प्रार्थना संपली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. लोक बाहेर पडू लागले. आयेलेच नातवाला घेऊन आली. नाहोमच्या कपाळावर पवित्र तेल चमकत होतं, गळ्यात नवा दोरा होता, आणि तो आता ओरडत नव्हता, नुसतं तोंड उघडून इकडं तिकडं शोधत होता. लेमलेमनं हात पुढे केला. आयेलेच कमानीच्या आतच थांबली.

"थांब," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला हे आत्ताच सुचलं होतं. "त्याच्या जिभेवर प्रभूचं रक्त आहे. अंगावर तेल आहे. तुझे दिवस अजून भरले नाहीत. पवित्र झालेल्याला तू कशी शिवणार?"

"एमाये, तो भुकेला आहे," हाब्तामू म्हणाला.

"मला दिसतंय तो भुकेला आहे. मी का त्याची वैरीण आहे? पण तिला मनाई आहे, आत यायची नि पवित्राला शिवायची. दोन्ही एकाच ओळीत सांगितलंय. एक पाळायची आणि एक नाही?"

लोक थांबले. अंगावर तेल आहे तोवर, आठ दिवस, बाटलीनं पाजा, एक बाई म्हणाली. आमच्या गोज्जामला गाईचं पाजतात, दुसरी म्हणाली. काही नाही, आईचं दूध आहे, त्याला कसला विटाळ, तिसरी म्हणाली, आणि दोघीतिघींनी तिला गप्प केलं. कुणीतरी आबांना बोलावलं. आबा ओल्या बाह्यांनी आले, दमलेले, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  "आयेलेच चूक म्हणत नाही," ते अखेर म्हणाले. "एरवी मुलाची आई या दिवशी शुद्ध झालेली असते, म्हणून हा प्रश्नच येत नाही. मी बिशपांकडं माणूस पाठवतो. संध्याकाळपर्यंत..." ते थांबले, कारण संध्याकाळपर्यंत हे त्यांनाही ऐकायला बरं वाटलं नाही. सोसेनानं तोंड उघडलं. ती काय बोलणार हे लेमलेमला ठाऊक होतं, ते सगळं संपलंय, केव्हाच संपलंय, आणि तिनं बहिणीच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं. नियमच संपलाय असं म्हणून मिळालेला मुलगा तिला नको होता.

ती कमानीच्या अगदी पुढ्यात, बाहेरच्या पायरीवर, खाली बसली. माहलेतला तिनं डाव्या बाजूला घेतलं आणि सगळ्या लोकांदेखत सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. उजवा हात तिनं पाठीमागं नेला आणि तिथंच ठेवला.

"एमाये," ती म्हणाली, "मला आत यायची मनाई आहे, मी आले नाही. सगळ्यांनी पाहिलंय. मला त्याला शिवायची मनाई आहे, मी शिवणार नाही. हा बघा माझा हात. पण त्यानं मला शिवायचं नाही असं मोशेनं कुठं सांगितलंय? आबा, तुम्ही सांगा. त्याला कुणी मनाई केलीय?"

 आबांचे ओठ हलले, जणू ते ओळीमागून ओळ मनात वाचून काढत होते, आणि शेवटापर्यंत वाचून झालं तरी त्यांना तशी मनाई सापडली नाही. आयेलेच लेमलेमकडं पाहत होती. त्या नजरेत सून आणि सासू यांच्यातलं काही उरलं नव्हतं. मग ती म्हातारी कमानीचा उंबरा ओलांडून बाहेर आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिनं नातवाला त्याच्या आईच्या अंगावर ठेवलं.

नाहोमनं स्वतःच शोधलं. एकदा चुकला, दुसऱ्यांदा नाकानं ढकललं, आणि मग त्याला सापडलं. आयेलेच त्याला खालून आधार देऊन तशीच बसून राहिली. लेमलेमचा हात पाठीमागंच होता आणि तिचं सगळं अंग त्या हाताकडं ओढ घेत होतं, पण तिनं तो पुढं आणला नाही. दुसऱ्या बाजूला माहलेतही जागी होऊन पिऊ लागली, आणि सोसेनाही तिच्या शेजारी पायरीवर टेकली. चर्चमधून लोक येतच होते, पांढऱ्या शालींची रांगच रांग, आणि कमानीच्या तोंडाशी तीन बायका आणि दोन पोरं बसलेली असल्यामुळं सगळ्यांना अंग चोरून, भिंतीला घासून जावं लागत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, बाई, जरा वाट द्या. लेमलेम सरकली नाही.